तिच्यासारखी बाई

"हनुवटी जरा खाली. आणखी जरा. आता माझ्याकडे नका बघू, माझ्या मागं बघा."

हे म्हणताना ते उजव्या हाताची दोन बोटं समोरच्या माणसाच्या हनुवटीजवळ न्यायचे, पण लावायचे कधीच नाहीत. बोटं हवेतच खाली यायची आणि त्यांच्याबरोबर माणसाची मान आपोआप खाली यायची. फैजपुरातल्या दोन पिढ्यांच्या माना त्यांनी अशा खाली घेतल्या. शाळेच्या ओळखपत्रापासून ते भिंतीवर हार घालून लावायच्या फोटोपर्यंत, माणसाला ज्या ज्या वेळी चेहरा लागतो त्या प्रत्येक वेळी आम्ही त्यांच्याकडेच गेलो.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून होतं. मध्ये एकच भिंत, आणि तीही इतकी पातळ की त्यांची खुर्ची सरकली तरी मला कळायची. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही. मी डोळ्यांचे नंबर काढतो आणि काचा घासतो, एवढंच. पण त्यांनी एकदा डॉक्टर म्हटलं आणि मग दुकानांची सगळी लाईनच मला डॉक्टर म्हणू लागली.

चेहऱ्यांचं त्यांचं ज्ञान अचाट होतं. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या परक्या माणसाला ते सहज विचारायचे, "तुमच्या आईचं माहेर सावद्याचं का?" माणूस चकित व्हायचा. वीस वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांनी त्याच्या मामाचा फोटो काढलेला असायचा आणि कानाची पाळी तीच असायची. स्वतःचा फोटो बघून तोंड वाकडं करणाऱ्या गिऱ्हाइकांची त्यांना गंमत वाटे. "हा मी नाहीच," असं कुणी म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, बरोबर आहे, तुम्ही स्वतःला आरशातच बघितलंय, आणि आरशातला माणूस उलटा असतो. हा तुम्ही जगाला दिसता तो. मग ते कॉम्प्युटरवर फोटो उलटा करून दाखवत. माणूस लगेच म्हणायचा, हां, हा मी.

गिऱ्हाइकाशी इतके गोड असणारे भाऊ बायकोशी मात्र कडक होते. वहिनी धुळ्याकडच्या. फैजपुरात छत्तीस वर्षं काढली तरी त्यांची अहिराणी सुटली नव्हती. दुपारी त्या डबा घेऊन यायच्या आणि तो पाच मिनिटं उशिरा आला की भिंतीपलीकडून मला भाऊंचा आवाज ऐकू यायचा. मीठ कमी, पोळी जाड, छत्री विसरलीस, फोन का उचलला नाहीस. वहिनी एवढंच म्हणायच्या, "बठ्ठं मनंच चुकस," म्हणजे सगळं माझंच चुकतं, आणि रिकामा डबा घेऊन निघून जायच्या. जाताना माझ्या दारात थांबून हसायच्या. त्या हसण्यात तक्रार नसायची. सवय असायची.

नशिराबादच्या एका लग्नात भाऊ पडले. सगळ्या पाहुण्यांचा एकत्र फोटो घ्यायचा म्हणून स्टेजवर खुर्ची ठेवून त्यावर ते उभे राहिले, आणि खुर्चीचा मागचा पाय स्टेजच्या कडेवरून निसटला. डोकं जमिनीवर आपटलं. जळगावच्या दवाखान्यात बारा दिवस होते. मी दोनदा भेटायला गेलो. त्यांनी मला ओळखलं, लाईनीतल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली, कॅमेऱ्याचं काय झालं विचारलं. घरी आले, महिनाभरात स्टुडिओ उघडला. माणूस वाचला म्हणून आम्ही पेढे खाल्ले.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं तेव्हा, ते माझ्याकडे आले आणि नंबर काढायच्या खुर्चीवर बसले.

"डॉक्टर, डोळे बघ."

मी तपासले. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्यांनी चष्म्यानं सहज वाचली. नंबर दोन वर्षांपूर्वी होता तोच होता. मी तसं सांगितलं. ते उठले नाहीत. रस्त्याकडे बघत बसले. समोरून केळीचा ट्रक गेला, मागोमाग एक मोटरसायकल गेली. मोटरसायकलवर कोण होतं, त्याचा बाप कोण, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. मग म्हणाले, "सगळे बरोबर दिसतात. एकच माणूस चुकतं."

मी विचारलं, कोण?

"घरात एक बाई येऊन राहिली आहे. तुझ्या वहिनीसारखी दिसते. नाक तेच, कपाळावरचा तीळ तोच. मी नीट बघितलंय डॉक्टर, माझा धंदाच तो आहे. पण ती नाही ती."

मला आधी वाटलं, थट्टा आहे. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. खुर्चीचा दांडा त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी म्हणालो, भाऊ, तुम्हाला अजून थकवा आहे, झोप नीट होत नसेल. त्यांनी मान हलवली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चौकशी करावी तसं विचारलं, अशी हुबेहूब बाई कुठून आणता येत असेल.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा मी भिंतीला कान लावला. लाज वाटली, पण लावला. भाऊ म्हणत होते, "ठेवा इथं. तुम्ही कशाला त्रास घेतला एवढा."

इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला ‘तुम्ही’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

जाताना वहिनी माझ्या दारात थांबल्या, पण हसल्या नाहीत. आत येऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, पंधरा दिवस झाले, असंच चाललंय. सकाळी चहा दिला की उठून उभे राहतात. मी खोलीत गेले की बाहेर जातात. आंघोळीला जाताना मला परवानगी विचारून जातात, स्वतःच्या घरात. परवा कपाटाला कुलूप लावलं. विचारलं तर म्हणाले, आमच्या घरच्यांचे कपडे आहेत, त्या आल्या की लागतील. "भाऊजी, मन्या साड्या मालेच देत नही," त्या म्हणाल्या. माझ्याच साड्या मला देत नाहीत. मुलगी धुळ्याहून येऊन गेली होती. तिला त्यांनी बरोबर ओळखलं, डोक्यावरून हात फिरवला आणि कानात विचारलं, तुझी आई कुठंय ते तुला तरी माहीत आहे का?

पुढच्या आठवड्यात ते मला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. मी गेलो, कारण एकटे गेले असते तर काय बोलले असते कोण जाणे. त्यांनी पाकिटातून वहिनींचा फोटो काढून हवालदारासमोर ठेवला. बाई हरवली आहे म्हणाले. हवालदारानं फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, भाऊ, ह्यांना मी तासाभरापूर्वी बाजारात वांगी घेताना बघितलं.

"तीच," भाऊ पुढे झुकून म्हणाले, "तीच ती दुसरी. तुम्हीसुद्धा फसलात ना?"

हवालदार भला माणूस होता. त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो भाऊंनीच काढले होते. त्यानं एका कोऱ्या कागदावर सगळं लिहून घेतल्यासारखं केलं आणि चहा पाजून आम्हाला परत पाठवलं. परतताना भाऊ समाधानानं चालत होते. माझ्या मात्र अंगावर काटा होता. कारण त्यांच्या बोलण्यात कुठेच चूक सापडत नव्हती. वेड्या माणसाचं बोलणं कुठंतरी सैल असतं, निसटतं. ह्यांचं घट्ट होतं. फक्त पहिलंच वाक्य खोटं होतं.

आता जे सांगतो ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

स्टुडिओच्या मागं जुनी डार्करूम होती. रोलचे दिवस संपल्यापासून तिच्यात पडदे, तुटके स्टँड आणि फ्रेमा भरलेल्या असत. खिडकी नाही, दार जाड, कडी बाहेरून. एका दुपारी डबा यायच्या वेळेला मला भिंतीपलीकडून ठोकल्याचा आवाज आला. आधी वाटलं, खिळा मारत असतील. मग आवाज वाढला. मी हातातली काच ठेवून धावत गेलो.

भाऊ डार्करूमच्या बंद दारासमोर उभे होते. घाम आला होता. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हळूच म्हणाले, आत ठेवली आहे तिला. आज सांगितल्याशिवाय सोडणार नाही, खरी कुठं आहे ते. आणि दाराशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं, एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावं तशा सभ्य आवाजात, "सांगा बाई. आमच्या घरच्यांना कुठं ठेवलंय?"

आतून वहिनींचा आवाज आला. रडत नव्हत्या, पण आवाज कापत होता. "मी शे ना. मीच शे. उघडा, माले आठे भ्याव वाटस." मीच आहे, मला इथं भीती वाटते.

मी कडीकडे हात नेला. पण त्याआधीच भाऊंचा चेहरा बदलला. तसा बदल मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. सगळ्या सुरकुत्या एकदम सुटल्या. ते दाराला दोन्ही तळवे लावून उभे राहिले.

"अगं तू? तू आत आहेस? कुणी कोंडलं तुला?"

"तुम्हीच."

"थांब. घाबरू नको. मी आहे. आत्ता उघडतो."

तू म्हणत होते. जुन्या आवाजात, जुन्या घाईत. त्यांनी कडी काढली, दार ओढलं. वहिनी बाहेर आल्या. केस विस्कटलेले, पदराला जाळी लागलेली. त्यांनी भाऊंचा हात धरायला हात पुढं केला.

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं आणि एक पाऊल बाजूला झाले, दारात आलेल्या परक्या बाईला वाट द्यावी तसे. मग त्यांच्या बाजूनं आत शिरले. आम्ही दोघं बाहेर उभे. आत ते पडदे बाजूला करत होते, स्टँड हलवत होते, फ्रेमांच्या मागं हात घालून बघत होते. भिंतीवरून तळवा फिरवल्याचा आवाज येत होता. त्यांनी तिला नावानं हाक मारली, दोनदा. लग्नातलं नाव. मी ते नाव आधी कधी ऐकलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा रडत होते. मला म्हणाले, "आत्ता होती आत. तू ऐकलंस ना? तू पण ऐकलंस."

मी हो म्हणालो. ऐकलं होतंच.

दुसऱ्या दिवशी त्यांना आम्ही जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. त्यांनी मला आणि वहिनींना वेगळं बसवून सांगितलं की ह्या आजाराला नाव आहे, आणि हे वेड नव्हे. आपण ओळखीचा चेहरा बघतो तेव्हा मेंदूत दोन कामं होतात. एक भाग सांगतो, हा अमुक माणूस. दुसरा भाग मनात ऊब आणतो, आपलं माणूस असल्याची. ह्यांच्या पडण्यात ती दुसरी वाट तुटली आहे. डोळे सांगतात बायको आहे, पण आत काहीच हलत नाही. मग मेंदू त्याच्या परीनं हिशेब लावतो की अर्थात ही बायको नसणार, बायकोसारखी दिसणारी कुणीतरी असणार. आवाजाची वाट निराळी असते. ती शाबूत आहे. पण चेहरा समोर असला की डोळ्यांचंच खरं धरलं जातं.

मी विचारलं, मग हे मला का ओळखतात? डॉक्टर म्हणाले, तुम्ही समोर आल्यावर त्यांच्या आत फारसं काही हलत नव्हतंच. जिथं सगळ्यात जास्त हलायचं, तिथंच कमी पडलेलं कळतं.

वहिनींनी मला विचारलं, म्हणजे इतकी वर्षं ते माझ्यावर ओरडायचे तेव्हासुद्धा आत हलत होतं का. मी म्हणालो, असं दिसतंय. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

गोळ्या सुरू झाल्या. मुलीनं वहिनींना धुळ्याला नेलं. पुन्हा कोंडलं तर? तिचं म्हणणं रास्त होतं. भाऊंची जेवणाची सोय मी पाहिली. चौथ्या दिवशी वहिनींनी तिकडून त्यांना फोन केला. मी स्टुडिओतच होतो. स्क्रीनवरचं नाव बघून भाऊ आधी घाबरले, मग त्यांनी फोन कानाला लावला.

"जेवनात का?" एवढंच वहिनींनी विचारलं. जेवलात का.

भाऊ स्टुलावर खाली बसले. कुठं आहेस, किती दिवस झाले, सांगून जायचं ना, असं सगळं एकदम बोलले. रागावले, रडले, पुन्हा रागावले. वहिनींनी सांगितलं, पोरीकडे आहे, तिचं बाळ लहान आहे. मग भाऊ आवाज खाली करून म्हणाले, तू नव्हतीस ना, तेव्हा इथं एक बाई राहायला आली होती. बिचारी काही वाईट नव्हती. मी तिला फार छळलं. आता ती पण निघून गेली.

वहिनी महिनाभरानं परत आल्या. मुलीनं खूप अडवलं. लोकांनीही सांगितलं, ओळखतसुद्धा नाही त्या माणसाकडे कशाला जाता. त्या मला म्हणाल्या, ते नसतील ओळखत, मी ओळखते ना. त्या दारात आल्या तेव्हा भाऊंनी त्यांना ‘या’ म्हटलं, पाणी दिलं आणि झाल्या प्रकाराची माफी मागितली. तुम्ही जेवढे दिवस राहायचं तेवढे राहा म्हणाले.

तेव्हापासून भाऊंच्या दोन बायका झाल्या. एक घरात होती, तिला ते बाई म्हणायचे. दुसरी फोनवर होती.

रोज चार वाजता वहिनी माझ्या दुकानात यायच्या. आतल्या खोलीत माझं काचा घासायचं मशीन आहे, तिथं स्टुलावर बसून फोन लावायच्या. भिंतीपलीकडे स्टुडिओत घंटी वाजायची. मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. मी मशीन चालू करून ठेवायचो, पण ऐकू यायचंच. एक माणूस दहा हातांवरून बायकोशी बोलतोय आणि ती धुळ्याला आहे अशी त्याची खात्री आहे. गोळ्यांनी त्यांची भीती गेली होती. खात्री गेली नव्हती. ते तिला हवापाणी विचारायचे, नातवाचं विचारायचे, आणि मग हळूहळू घरातल्या बाईचं सांगायचे. बाईंनी आज भरीत केलं, तुझ्यासारखंच. बाई फार बोलत नाहीत. बाईंना गुडघ्याचा त्रास आहे वाटतं, जिना चढताना थांबतात. मी आज त्यांना तेल आणून दिलं.

वहिनी हे ऐकून डोळे मिटून बसायच्या. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाल्या, माझा गुडघा दहा वर्षं दुखतोय भाऊजी. त्यांना आत्ता दिसला.

एके दिवशी मी लग्नाला गेलो म्हणून दुकान बंद होतं. वहिनींनी घराच्या मागच्या खोलीतून फोन लावला. भाऊ स्टुडिओत असतील असा त्यांचा समज होता, पण ते त्या दिवशी घरीच होते. बोलता बोलता त्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, तुझी आणि बाईंची एकदा ओळख करून देतो, थांब, फोन देतो त्यांना. आणि कानाला फोन लावून ते मागच्या खोलीत आले.

वहिनींनी मला नंतर सांगितलं. त्या पलंगावर बसलेल्या, फोन कानाला. ठेवायचंसुद्धा सुचलं नाही. भाऊ दारात उभे. दोघांच्या मध्ये चार पावलं. वहिनींच्या तोंडून निघालं, "आते काय करू." ते शब्द खोलीतही ऐकू आले आणि भाऊंच्या कानातही गेले. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. वहिनींना वाटलं, आता कळेल. आता काहीतरी होईल, एक तर हे बरे होतील किंवा मला मारतील.

भाऊंनी मान जरा वळवली आणि फोनमध्ये हळू आवाजात सांगितलं, "त्या पण कुणाशी तरी बोलून राहिल्या आहेत. नंतर करतो मी." आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

हे सांगताना वहिनी हसल्या. मीही हसलो. मग वहिनींनी तोंडावर पदर धरला, कारण भिंतीपलीकडे भाऊंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता.

असं सव्वा वर्ष गेलं. फोनवरची बायको ‘येते ना’ म्हणायची आणि येत नव्हती. घरातली बाई जात नव्हती. एका चार वाजताच्या फोनवर भाऊंनी हवापाणी, नातू काहीच विचारलं नाही. म्हणाले, एक विचारायचं होतं, रागावणार नाहीस ना.

मी मशीन बंद केलं.

"तू आलीस तर ह्यांना जावं लागेल," भाऊ म्हणाले. "एका घरात दोघी बऱ्या दिसणार नाहीत. पण ह्यांना जायला जागाच नाही गं. कधी कुणाचा फोन येत नाही, माहेरचं कुणी येत नाही. मला ताप होता तेव्हा तीन दिवस बसून होत्या. मी ह्यांना कोंडलं होतं, तरी परत आल्या. तुला पोरगी आहे, नातू आहे. तू तिकडंच राहशील का?"

वहिनींनी फोन कानापासून लांब धरला. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. तीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतोय, पण त्या डोळ्यांत काय होतं ते मला ओळखता आलं नाही. पलीकडून भाऊ हॅलो, हॅलो करत होते. भिंतीतूनही येत होतं, फोनमधूनही येत होतं.

"ऱ्हाऊ द्या तिले," वहिनी म्हणाल्या. राहू द्या तिला. "मी आठे बरी शे."

भाऊ म्हणाले, "तू मनानं मोठी आहेस."

तो शेवटचा फोन. त्यानंतर वहिनींनी केला नाही आणि भाऊंनीही केला नाही. त्या दिवशी फोन पर्समध्ये ठेवून त्या बराच वेळ मशीनवरच्या काचेच्या भुशात बोटानं रेघा ओढत बसल्या. उठताना म्हणाल्या, माझ्या नवऱ्यानं आज मला सोडलं भाऊजी, आणि घरातही ठेवून घेतलं.

पुढचे पाच महिने त्यांचे चांगले गेले असं मला वाटतं. संध्याकाळी दोघं पायी फिरायला निघायचे. भाऊ अर्धं पाऊल पुढं, रस्ता ओलांडताना थांबून हात आडवा धरायचे, वहिनी ओलांडून गेल्या की मग स्वतः ओलांडायचे. लोक म्हणायचे, म्हातारपणी केवढा सुधारला.

मग एका सकाळी भाऊंची उजवी बाजू लुळी पडली. जळगावला नेलं. मी बरोबर होतो. वॉर्डातल्या सिस्टरनं कागद भरायला घेतला आणि वहिनींना विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? वहिनी उत्तर देणार एवढ्यात खाटेवरून भाऊंनी डावा हात वर केला. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं.

"नातं नाही काही, सिस्टर," ते म्हणाले. "पण गोळी ह्यांच्याच हातनं घेणार मी."

सिस्टरनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मंगळसूत्र पदराखाली सारलं आणि मान हलवली, असंच आहे म्हणून. सिस्टरनं ती जागा कोरी सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गेले. त्यांचा डावा हात वहिनींच्या हातात होता. डोळे उघडे होते आणि त्यांच्याकडेच बघत होते. कुणाला बघत होते, ते मी सांगू शकत नाही.

स्टुडिओच्या जागी आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. दिवसभर गाणी लावतात, त्यामुळे भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नाही. वहिनी धुळ्याला मुलीकडे राहतात. मध्यंतरी घराच्या कागदपत्रांसाठी फैजपूरला आल्या होत्या तेव्हा दुकानात आल्या. जवळचं दिसत नाही म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, तक्ता लावला, काचा बदलत गेलो. त्या वाचत गेल्या. मध्येच थांबल्या.

मला म्हणाल्या, लोक भेटायला येतात, म्हणतात इतक्या वर्षांचा संसार, आठवण येत असेल. येते. पण मला जास्त आठवण त्या बाईची येते. छत्तीस वर्षं मी त्यांची बायको होते, रोज बोलणी खाल्ली. ती पावणेदोन वर्षं होती. पहिल्या पहिल्यांदा त्यांनी तिला कोंडलं, खरं आहे. पण नंतर एकदाही आवाज चढवला नाही. तिच्यासाठी त्यांनी मला सोडलं.

माझ्या हातात काच तशीच होती.

"ते गेले तशी ती पण गेली," वहिनी म्हणाल्या. "तिला दुसरं कुणी ओळखतच नव्हतं." मग त्यांनी मान सरळ केली आणि माझ्याकडे बघितलं. "आता ही बसली आहे ती कोण, ते तुम्हीच तपासून सांगा, डॉक्टर."

मी दुसरी काच लावली आणि त्यांना खालची ओळ वाचायला सांगितली.